तीन नंबरच्या जागेवरचं कृष्णकमळ

भुताखेतांच्या गोष्टी मला सांगायला येऊ नका. लहानपणी जत्रेत वेताळाचा मुखवटा खेचून काढून, "अय्या, हे तर आपले दूधवाले काका!" असं ओरडणारी मुलगी ती मीच. आजही मी नवऱ्याला घाबरत नाही, तिथे भुताची काय कथा! तरीसुद्धा हे लिहायला बसले आहे... कारण आमच्या बागेच्या खोलीत जे घडलं, ते ठेवायला माझ्या डोक्यात जागाच सापडत नाही.

स्थळ – भिवंडी, टेमघर. घरामागे माझ्या सासऱ्यांची, आबांची लूमची शेड. कापड विणायचे चार लूम होते. दोन वर्षांपूर्वी चारही भंगारात गेले आणि त्या दिवसापासून आबांची झोप उडाली. लूमवाल्यांचं सगळं उलटं असतं. जगाला आवाजाने जाग येते, ह्यांना आवाज थांबला की. चाळीस वर्षं त्या खडखडाटात आबा गाढ झोपले. पण एखादा लूम थांबला की ताडकन उठून बसायचे. आता शेजाऱ्यांचे चालू, पण घरचे चारही थांबलेले... मग झोपायचं कसं? गोळ्या झाल्या, डोक्याला तेल झालं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. हात इतके थरथरायचे, की शर्टाची बटणं मी लावून द्यायचे.

रिकामी शेड भाड्याने द्यायची, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हे जवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. रिकामी जागा दिसली की ह्यांना खोकी दिसतात.

"पार्टी तयार आहे," हे म्हणाले.

"मला बाग हवी आहे."

"शेडमध्ये?"

"शेडमध्येच!"

मी अर्धे पत्रे काढून पारदर्शक घातले, कुंड्या मांडल्या, आबांची खाट टाकली. आणि फायदे विचाराल तर – पापड धुळीशिवाय वाळतात. पाहुण्यांना चहा तिथेच दिला की घरातला पसारा झाकला जातो. बहिणीला फोन लावून सासरबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. आणि दुपारी पानांतून असा हिरवा उजेड झिरपतो, की आपण तळ्याच्या तळाशी बसून वरचं जग पाहतोय असं वाटतं. फक्त ज्याच्यासाठी खाट टाकली, तो माणूस तिथेही टक्क जागा!

"अजून पंधरा दिवस बघू," हे म्हणाले. "नाहीतर पार्टीला हो म्हणतो."

तीन नंबरचा लूम होता तिथे मी कृष्णकमळ लावलं. वेलाला चढायला दोरी हवी होती. माळ्यावर सूत गुंडाळलेला एक कोन उरला होता, तोच घेतला. छतापासून जमिनीपर्यंत, लूमवर असतात तसे शेजारी शेजारी धागे बांधले. लूमवाल्याच्या सुनेला दुसरं काय सुचणार! आबांनी धाग्यांवरून बोट फिरवलं.

"ढिला हाय गो. ताण."

मी ताणले.

पंधरा दिवस भरत आले, त्या शुक्रवारची दुपार. आमच्या भागात शुक्रवारी सगळ्या लूमना सुट्टी. त्यात लाईटही गेलेली. सगळं टेमघर कापसात गुंडाळल्यासारखं. मी चहा घेऊन गेले, तर आबा खाटेवर... झोपलेले! तोंड उघडं, चक्क घोरत.

मी पाय न वाजवता खाली बसले. आणि मग ऐकू आलं – खटॅक... खटॅक... खटॅक. लांबून नव्हे, वेलाकडून. बशीत सांडलेल्या चहावर वर्तुळं उठत होती. कृष्णकमळाची पानं ठेक्यात हलत होती. खरं सांगू? भीती वाटलीच नाही. पाळण्यात घातल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात हे घुसले. "अगं, पार्टीचा फोन –" आणि ह्यांच्या खांद्याला अडकून वेलाचा एक धागा तुटला.

आवाज थांबला.

आबा ताडकन उठून बसले. "तीन नंबर का थांबला?"

आबा उठले, अनवाणी वेलापाशी गेले. तुटलेली दोन टोकं चिमटीत धरली, फिरवली – आणि गाठ! लूमवाल्याची बारीक, घट्ट गाठ. हात जराही हलला नाही.

"धागा तुटलावता," ह्यांच्याकडे रागाने बघत म्हणाले. "बघून चालावं न्हाय का?" आणि परत आडवे झाले.

खटॅक... खटॅक... खटॅक.

हे माझ्या कानाशी आले. "शेजारचे लूम असतील."

"अहो, आज शुक्रवार आहे."

ह्यांनी एकदा वेलाकडे पाहिलं. मग मोबाईल काढला, दाराकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "न्हाय साहेब, शेड मिळणार न्हाय... न्हाय न्हाय, रिकामी कुठे? चालू हाय."

त्या दिवशी आबा थेट दिवेलागणीला उठले. उठल्यावर काहीच आठवत नव्हतं. मी मुद्दाम शर्टाचं बटण लावायला सांगितलं; जमलं नाही. हात तसाच थरथरत होता.

आता रोज दुपारी आबा तिथे झोपतात. आवाज कधी येतो, कधी नाही. ती गाठ अजून आहे, वेल तिच्या वर चढून गेलाय. ह्याचं उत्तर कुणाकडे असेल तर चहाला या... शुक्रवारी या. फक्त आत येताना खांदे सांभाळा, धागे तुटतात.