ऊप म्हणजे वर नव्हे

आयल्सा आजी आज सकाळी गेल्या, आणि फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं, तर हायसं.

खोटं कशाला लिहू.

आम्ही ब्राउनश्वाइगला आलो तेव्हा खालच्या मजल्यावर त्या राहायच्या. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळ्याची मुलगी. लग्न करून जर्मनीत आल्या. नवरा गेला, मूलबाळ नाही. माझ्या मुलीची, मीराची ओमा, म्हणजे आजी, त्याच.

पुण्याहून आणलेली माझी रवी एकदा दांड्यात चिरली. टाकायला निघाले होते. आजींनी ती जिन्यातच हातातून घेतली, घरातून मेण लावलेला दोरा आणला आणि वेढ्याला वेढा लावत गेल्या. क्रिकेटच्या बॅटच्या दांड्याला असतो तसा.

शेवटचं टोक वेढ्यांखाली सारून ओढलं. गाठ कुठेच नाही.

"याला ऊप करणं म्हणतात," त्या म्हणाल्या.

जुनं स्कॉट्स क्रियापद. मी नंतर डिक्शनरीत शोधलं. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांचं. मूळ काय, ते मला काही नीट कळलं नाही. दोरखंडाचं टोक उसवू नये म्हणून त्यावर दोरा गुंडाळतात, त्याला इंग्रज खलाशी व्हिपिंग म्हणतात. त्याच घरातला शब्द असावा, असा माझा आपला अंदाज.

साधा अर्थ, दोऱ्याने घट्ट वेढणं. दोरीला गळ बांधणं, मोडलेली काठी सांधणं. त्यावरून मग कुठल्याही दोन गोष्टी जोडणं. आणि आजींच्या गावात माणसंसुद्धा. लग्न लागलं की दोघं ऊप झाली.

मी म्हटलं, आमच्याकडे लग्नात गाठ मारतात. त्या म्हणाल्या, गाठ दिसली की माझे वडील काम उसवून पुन्हा करायला लावायचे.

मग डिमेन्शिया.

आधी जर्मन गेली. अख्खा संसार जिच्यात केला ती भाषा. मग शाळेत शिकलेलं इंग्रजी. उरली ती घरची स्कॉट्स, आणि त्यांना ठेवलं त्या प्फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, ती कोणालाच येत नव्हती.

मी जाणं कमी केलं. ऑफिस, मीराची शाळा, कारणं होतीच. खरं कारण एकच. त्या मला ओळखत नव्हत्या, आणि ते मला सोसत नव्हतं.

मार्चमध्ये तिथल्या नर्सचा, उटेचा फोन आला. आजी दिवसभर "ऊप, ऊप" करतात.

उटेची आजी प्लाट बोलायची, इथली जुनी बोली. त्यात 'उप' म्हणजे वर. इंग्रजीतही तसंच काहीसं. त्यामुळे सगळे आजींना धरून उभं करायचे. त्या ढकलायच्या, रडायच्या. एकदा पडल्या. आता डॉक्टर त्यांना शांत ठेवायचं औषध वाढवणार होते. म्हणजे दिवसभर गुंगीत.

शनिवारी मीराला घेऊन गेले. आजी पलंगाच्या कडेला बसलेल्या. बोटं शालीच्या दशांवर गोल गोल फिरत होती.

"ऊप," त्या म्हणाल्या.

उटेने सवयीने त्यांच्या काखेत हात घातला.

"थांब," मी म्हटलं. "त्यांना उठायचं नाहीये. त्यांना दोरा हवाय."

उटे घुटमळली. इथे कोणाच्या हातात दोरा द्यायचा नाही, असा नियम. मी तिला रवीची गोष्ट सांगितली. शेवटी ठरलं की दोरा हातभरच, जाडसर, आणि शेजारी कोणीतरी बसलेलं हवं. तिने किचनमधून एक लाकडी चमचा आणला.

पहिले दोन वेढे सुटले. माझंच चुकत असलं तर?

मग आजींनी अंगठ्याने टोक दाबून धरलं, आणि हात आपले आपण चालू लागले.

काम संपल्यावर चमचा उलटसुलट करून पाहिला आणि मीरापुढे धरला.

मीरा नेहमीसारखी जर्मनमध्येच म्हणाली, "नोखमाल, ओमा." पुन्हा कर.

मी दोरा उसवला. त्यांनी पुन्हा केलं.

उटेने जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं.

औषध वाढलं नाही. रडणं थांबलं. नंतरच्या महिन्यांत हाइममधल्या पेन्सिली, छत्र्यांच्या मुठी, कोणाकोणाच्या काठ्या, सगळ्यांवर दोरा चढला. उटेसुद्धा शिकली. मी एकही शनिवार चुकवला नाही.

आज उटेनेच फोन केला. झोपेतच गेल्या, म्हणाली. त्रास झाला नाही, कोणाशी झटापट नाही.

गेल्या शनिवारीही त्यांनी मला ओळखलं नव्हतं. पण मी दारात दिसल्यावर त्या पलंगावर थोड्या सरकल्या, आणि शेजारची चादर हाताने सारखी केली.

मी बसले.

आजी, सावकाश जा. मीराचा आणि माझा तुम्हाला नमस्कार.