शेवटची सायकल गार्डाची

केळीच्या बागेत एक खोड लावलं की वर्षभर त्याची पिलं उपटत बसावं लागतं. आमच्या सायकल-सहलींचं तसंच आहे. एक किस्सा सांगायला घ्यावा तर बाजूने चार फुटतात, आणि ऐकणारा चहा संपवून उठायला बघतो. तुम्ही बसलाच आहात म्हणून सांगतो.

आम्ही चौघं, राहणार भुसावळ. मी रिटायर्ड ड्रायव्हर. हल्ली त्याला लोको पायलट म्हणतात, पण मी काही विमान चालवलं नाही. नाना रिटायर्ड गार्ड. कादरभाई वॅगन दुरुस्तीतले फिटर, सहा फूट उंच. आणि रमेशशेठ, बाजारात कापडाचं दुकान. त्यांचा रेल्वेशी संबंध फक्त तिकिटापुरता.

दर थंडीत आम्ही सायकली काढतो आणि एखादं धरण नाहीतर तलाव गाठतो. "खान्देशात पाणी कुठंय?" असं पुण्याचे पाहुणे विचारतात. त्यांना म्हणावं, वाघूर, हतनूर, सुकी, अनेर, धुळ्याचा नकाणे तलाव, मोजायला या. पाणी भरपूर आहे. आमच्या नळाला येत नाही एवढंच.

* * *

आमच्यात रेल्वेचे तिघं, त्यामुळे सहल गाडीसारखी निघते. मी पुढे, कारण ड्रायव्हर. नाना सगळ्यात मागे, कारण गार्ड. गळ्यात शिट्टी, हँडलला एक हिरवं आणि एक लाल फडकं, कॅरिअरला शेवटच्या डब्यामागे असते तशी पाटी. ड्रायव्हर आणि गार्डाचं पटलं असं तुम्ही कधी ऐकलंय? तरीही त्यांची शिट्टी झाल्याशिवाय मी पेडल मारत नाही. सवय, दुसरं काय.

पहिल्याच वर्षी वाघूर धरणावर पोहोचलो आणि वळून पाहिलं, तर गाडी गार्डाशिवाय आलेली. फोन लावला.

"नाना, कुठे?"

"सेक्शनमध्ये," नाना म्हणाले, म्हणजे दोन स्टेशनांच्या मध्ये कुठेतरी. "पंक्चर आहे. मागून संरक्षण करतोय."

सात किलोमीटर उलटे गेलो. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी, आणि नाना तिच्या दोनशे पावलं मागे, लाल फडकं धरून उभे. गाडी अचानक थांबली की गार्डाने मागे चालत जाऊन येणारी गाडी थांबवायची, हा नियम. तो त्यांनी सायकलला लावला होता. समोर केळीने भरलेला ट्रॅक्टर उभा, ड्रायव्हर लिंबाखाली झोपलेला.

"किती वेळ झाला रे?" मी त्याला उठवून विचारलं.

"पाऊण तास. बाबांनी लाल दाखवलं. मले वाटलं पुढे पूल खचला."

कादरभाईंनी चार मिनिटांत पंक्चर काढलं. नानांनी आधी ट्रॅक्टरला हिरवं दाखवलं, तो नजरेआड होईपर्यंत उभे राहिले, आणि मग आम्हाला शिट्टी दिली.

* * *

नानांची सायकल हा वेगळाच विषय आहे. ती त्यांच्या वडिलांची. त्यांचं गाव, जुनं वडगाव, हतनूर धरणाच्या पाण्याखाली जायचं ठरलं, तेव्हा बाकीचं गाव भांडीकुंडी घेऊन ट्रॅक्टरने गेलं. नाना तेव्हा विशीतले. मागे काही राहिलं का बघत सगळ्यात शेवटी ते या सायकलवरून बाहेर पडले. म्हणजे रेल्वेत लागायच्या आधीपासून माणूस गार्डच होता.

"सायकल वडिलांचीच आहे," असं ते छाती काढून सांगतात. कादरभाईंनी तिच्या दोन्ही रिंगा बदलल्यात, चेन बदलली, सीट, पेडल, चिमटा, सगळं बदललंय. एकदा मी कादरभाईंना कोपऱ्यात घेऊन विचारलं, की वडिलांचं यात उरलंय तरी काय?

"घंटी," कादरभाई म्हणाले. "और नाना."

* * *

थंडीत हतनूरच्या पाण्यावर परदेशी पक्षी येतात आणि त्यांच्यामागे शहरातली मंडळी हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन येतात. एकदा आम्ही काठावर भाकरी खात होतो. नाना हात लांब करून पाण्याच्या मध्यावर बोट दाखवत उभे. चार कॅमेरे लगेच तिकडे वळले.

"काका, काय दिसलं?" एका मुलीने श्वास रोखून विचारलं.

"आमचा ओटा," नाना म्हणाले.

पोरगी गोंधळली, पण चांगल्या घरची होती, तिने बसून ऐकून घेतलं. ओट्यावर किती माणसं बसायची, समोर चिंच कशी होती, आणि दाराची चौकट किती ठेंगणी. पाहुणा वाकला नाही तर कपाळाला टेंगूळ घेऊनच आत बसायचा. नानांच्या आजोबांनी मुद्दाम तशी बसवली होती. त्यांचं म्हणणं, घरात शिरताना माणसाने वाकलं पाहिजे, मग तो मामलेदार का असेना.

"मग तुम्ही परत कधी पाहिलं?" तिने विचारलं.

"मे महिन्यात पाणी उतरलं की जागा उघडी पडते म्हणतात. पण नोकरीत होतो तेव्हा मे महिन्यात उन्हाळी स्पेशल गाड्या. रजा कोण देतो? आणि रिटायर झालो तर ही मंडळी मे महिन्यात सायकलला हात लावत नाहीत."

शेवटचं वाक्य त्यांनी आमच्याकडे बघून म्हटलं. आम्ही भाकरीकडे बघत होतो. भुसावळचा मे महिना ज्याने काढलाय त्यानेच आम्हाला नावं ठेवावीत.

* * *

रमेशशेठ सहलीला येतात ते सजून. गिअरची सायकल, अंगाला चिकटलेले कपडे, डोक्याला हेल्मेट, डोळ्याला गॉगल. कांदा-लसूण नसलेले डबे घरून येतात, तेही चौघांना पुरतील एवढे. डब्यांमुळे आम्ही बाकीचं चालवून घेतो.

नकाणे तलाव करून दोंडाईच्याच्या वाटेला लागलो होतो. एका पारावर पाणी प्यायला थांबलो. तिथे एक आबा बसलेले. त्यांनी आमच्या चार सायकली पाहिल्या, तीन पांढरी डोकी आणि एक हेल्मेट पाहिलं आणि त्यांना आमची दया आली.

"काय भो, पेट्रोल सरी गये का?"

"नाही आबा, आम्ही सायकलनेच निघालोय. भुसावळहून," शेठ म्हणाले.

"काब्र? घरमा काही भांडण शे का?"

शेठनी हेल्मेट काढून व्यवस्थित समजावलं. दुकानात बसून बसून पोट सुटतं, साखर वाढते, डॉक्टर म्हणतात घाम गाळा, म्हणून हे सगळं तब्येतीसाठी. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग मना वावरमा ये ना भो, कापूस येचाले. तब्येत चांगली व्हई जाई."

शेठ पुढचे दहा किलोमीटर मान खाली घालून सायकल मारत राहिले. मग म्हणाले, "म्हातारा चुकीचं नव्हता बोलत."

* * *

हा किस्सा सांगू नये असं आमचं ठरलंय, पण शेठनी बाजारभर केलाच आहे. पाचोऱ्याकडून एका तलावाला निघालो होतो. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. दांडा आडवा. आम्ही सायकलवरून उतरलो आणि उभे राहिलो.

पाच मिनिटं गेली. शेठ म्हणाले, "अहो, रुळांवर गवत आहे."

"गवत है तो क्या? गेट बंद है," कादरभाई म्हणाले.

दहा मिनिटं झाली. शेठ म्हणाले, "गवत कमरेइतकं आहे."

"शेठ, कापडातलं तुम्हाला कळतं," मी म्हटलं. "आम्ही काही तुमच्या ठाणात नाक खुपसत नाही."

वीस मिनिटांनी एक बाई बकऱ्या घेऊन आली, दांड्याखालून वाकून निघाली आणि आमच्याकडे बघत थांबली. "कोणाची वाट पाहता, भाऊ?"

"गाडीची," नाना म्हणाले.

"ती बंद पडून वर्षं झाली. दांडा मी पाडला आहे, बकऱ्या पळतात म्हणून."

त्या लाइनवरच्या शेवटच्या गाडीला हार घालायला नाना स्वतः गेले होते, हे इथे सांगायलाच हवं. सुमारे शंभर वर्षांची नोकरी आम्हा तिघांची मिळून, आणि शहाणपण सगळं शेठकडे. तरीही बाईने दांडा वर करेपर्यंत आम्ही कोणी पलीकडे गेलो नाही.

* * *

मागच्या थंडीत नानांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, जूनमध्ये बदलून टाकू. मुलगा पुण्याला असतो. ऑपरेशन तिथे, आणि नंतर नवरा-बायको दोघांनी तिथेच राहायचं, असं ठरलं. सायकल भंगारात.

ठरवलं अक्कांनी. अक्का म्हणजे नानांच्या मिसेस. त्यांच्या दारात आम्ही तिघं बोलणी करायला गेलो, तर त्यांनी आम्हाला बसा म्हणायच्या आधीच सुरुवात केली.

"जन्मभर मालगाडीच्या शेपटाला बसले, आता सायकल हाकायची हौस! आणि तुम्ही तिघं त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवता."

"अक्का, एकदाच," मी म्हटलं. "मे महिन्यात. वडगावला. नंतर तुम्ही म्हणाल तसं."

"जीपने न्या."

"जीप गाळात रुतते," कादरभाई म्हणाले.

नाना आत खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं. सहा थंड्या आम्ही त्यांना काठावर उभं करून पाणी दाखवलं होतं, आणि दर वेळी पुढच्या मे महिन्याचं गाजर दाखवलं होतं.

अक्का आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात नानांची टोपी आणि एक जुना पंचा होता. "ओला करून डोक्याला बांधायचा," त्या मला म्हणाल्या. "आणि त्यांना पुढे पळू देऊ नका."

"पुढे? नाना?" मी म्हटलं. "ते तर गार्ड आहेत."

* * *

मे महिन्यात पहाटे पाचला निघालो. नानांची शिट्टी झाली, मी पेडल मारलं. दर दोन किलोमीटरला मी थांबायचो, माझी चेन उतरलीय म्हणून. चेन उतरली नव्हती. नानांनाही ते कळत होतं, पण तेही गुडघा धरून उभे राहायचे.

आठ वाजता काठावर पोहोचलो. दर वर्षी जिथे पाणी असायचं तिथे भेगाळलेला गाळ, मध्ये टरबुजाच्या वाड्या, आणि खूप लांबवर पाण्याची पट्टी. गाव म्हणावं असं काही नव्हतंच. एक देवळाचा चौथरा, एका विहिरीचा कठडा, काही दगडांच्या ओळी. शेठ हळूच म्हणाले, "यात घर कसं सापडणार?"

तेवढ्यात उजवीकडून घंटी वाजली आणि नाना आमच्या पुढे निघून गेले. शिट्टी नाही, फडकं नाही. गुडघा दुखणाऱ्या माणसाने एवढ्या जोरात पेडल मारू नये. मी ओरडलो, "नाना, सावकाश!" पण त्यांनी मागे पाहिलं नाही. ती शेवटच्या डब्याची पाटी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पुढे चालली होती.

विहिरीपाशी डावीकडे, एका काळ्या खोडापाशी उजवीकडे. वळताना त्यांनी दोन्ही वेळा घंटी वाजवली. रस्त्यात कोणी नव्हतं. मग एका दगडांच्या ओळीपाशी उतरले. ओळ गुडघ्याएवढीही उंच नव्हती, तिच्यात एके ठिकाणी दोन हात रुंद खिंड होती. वर आभाळ आणि ऊन.

नानांनी सायकल स्टँडला लावली. बूट काढून बाजूला जोडीने ठेवले. त्या खिंडीपाशी गेले, वाकले, आणि आत गेले.

आम्ही तिघं बाहेर उभे. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"उभे काय राहिलात? या ना आत."

आधी शेठ गेले, हेल्मेट काढून. मग मी. शेवटी कादरभाई. त्यांनी चपला काढल्या, त्या खिंडीपाशी क्षणभर थांबले, आणि आपली सहा फुटांची काया कमरेत वाकवून आत आले. तरी नाना म्हणालेच, "कादरभाई, जरा आणखी खाली. लागेल."