खाली बसलेला माणूस न दिसणारी गाडी

नव्वदच्या दशकातली माझी पहिली नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. भिंगारहून मोपेडवर जायचे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली तिथे मी एकटीच, आणि टेलिफोन बिघडला की मला हाक मारायची, एवढाच माझा उपयोग मालकांना ठाऊक होता.

मग मालक परदेशात एक प्रदर्शन बघून आले. तिथे म्हणे ड्रायव्हर नसलेली गाडी माल घेऊन आपली आपण फिरत होती. आमच्या शेडचं छप्पर गळत होतं, बायकांना संडास नव्हता, पण गाडी हवीच. पुण्याहून एक सल्लागार आणले. मालक मराठीत जे बोलत तेच हा टायवाला गृहस्थ इंग्रजीत परत म्हणून दाखवी. याला तिथे सल्ला म्हणत.

गाडी झाली खरी. जमिनीवर पांढरा पट्टा रंगवला आणि तो ओळखणारे दोन सेन्सर गाडीच्या पोटाखाली लावले. राहिला पुढचा, वाटेत कुणी आलं तर गाडी थांबवणारा. उजेडावर चालणाऱ्या सेन्सरला तेलकट काळे कपडे नीट दिसत नाहीत, आणि आमच्या कामगारांकडे दुसरे कपडे नव्हतेच. म्हणून आवाज फेकून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा घ्या, असं मी सांगितलं. ते लगेच मानलं गेलं, कारण त्याच्यावर लाल दिवा लुकलुकायचा आणि मालकांना तो फार आवडला.

तो जमिनीपासून हातभर उंचीवर लावा, असं म्हटल्यावर मात्र दोघं माझ्याकडे बघून हसले. तिथे कारखान्याच्या नावाची पितळी पाटी यायची होती. शिवाय खाली लावलेला दिवा पाहुण्यांना दिसणार कसा? सेन्सर छातीच्या उंचीवर बसला. चाचणीला मालक स्वतः हाताची घडी घालून गाडीपुढे उभे राहिले. गाडी थांबली. सल्लागारांनी टाळ्या वाजवल्या.

"साहेब, एकदा खाली बसून बघा ना," मी म्हटलं.

"मी खाली बसू?"

शेवटी मीच पट्ट्यावर उकिडवी बसले. गाडी सरळ अंगावर आली. फिटरने धावत जाऊन मागचं लाल बटण दाबलं म्हणून वाचले.

"मुद्दाम बसल्यावर असं होणारच, मॅडम," मालक म्हणाले. "कामाच्या जागी खाली कोण बसतं?"

हे ते बोलत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे दोघं फिटर उकिडवे बसून नट आवळत होते, एक पोरगेला कामगार मांडी घालून गॅस्केट कापत होता आणि झाडूवाली मावशी बसल्या बसल्या पुढे सरकत लोखंडाचा कीस गोळा करत होती. आमची अर्धी शेड जमिनीवर बसून चालायची. जिथून ही कल्पना उचलली तिथे लोक टेबलाशी उभं राहून काम करत असतील, पण या माणसाला स्वतःच्या शेडमध्ये मान खाली करून बघायला काय झालं होतं? मला त्या माणसाची किळस आली.

दुसऱ्याच आठवड्यात मावशी गाडीखाली आली. तिची गाडीकडे पाठ होती, गाडीवर ओतीव लोखंडाचा माल होता, आणि तिचं पाऊल चेचलं. मालकांनी दवाखान्यात पोचवलं आणि घरी बसवलं. रेषेवर बसलीच कशाला, असं विचारत राहिले. मग भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लागली, 'रेषेवर बसू नये'. मावशीला वाचता येत नव्हतं. सेन्सर खाली घेऊन तिला परत कामावर घ्या, असं मी दोनदा जाऊन सांगितलं. "बघू," असं दोन्ही वेळा उत्तर मिळालं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. मालकांच्या डोक्यातून निघालं की गाडीने आपणहून पट्ट्यावरून यावं, आपल्यापुढे थांबावं आणि मग पाहुण्यांच्या देखत तिला ओवाळावं. सल्लागारांनी तालीमही घेतली. तालमीत मालक उभे होते.

त्या दिवशी गुरुजींनी पट्ट्याच्या टोकाला पाट मांडला. पूजा कधी उभ्याने होते का? रेशमी सोवळं नेसलेले मालक मांडी घालून बसले, समोर ताम्हण, निरांजन, झेंडूची रास. सल्लागारांनी गाडी चालू केली आणि ते पाहुण्यांजवळ जाऊन उभे राहिले.

"साहेब, उभे राहा," मी मागून ओरडले.

त्यांनी मागे न बघता हात वर करून मला गप्प केलं. लाल दिवा लुकलुकत, हार मिरवत गाडी आली, ताम्हण उलथवून पाटाला धडकली आणि मालक सोवळ्यासकट उताणे पडले. गुडघ्याला चांगलंच लागलं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दसरा उलटताच पितळी पाटी निघाली आणि सेन्सर हातभर उंचीवर आला. पुढच्या पाहुण्यांना मालक समजावून सांगत होते, "आपल्याकडे लोक खाली बसतात. परदेशातलं जसंच्या तसं चालत नाही, डोकं वापरावं लागतं." सल्लागारांनी ते इंग्रजीत सांगितलं. मावशीच्या जागी तोवर दुसरी बाई आली होती.

थंडीत भिंगारच्या बाजारात मावशी दिसली. पोत्यावर मेथीच्या जुड्या मांडून बसली होती, एक पाय लांब केलेला. मी तिच्यापुढे उकिडवी बसले.

"सायेब पडला म्हनं?"

"पडले. गुडघ्याला लागलं."

"मंग आता थांबती का गाडी? बसलेल्या मान्सापुढं?"

"थांबते."

तिने जुड्यांवर पाणी शिंपडलं, त्यातली एक उचलून माझ्या पिशवीत टाकली.

"माझा पाय गेला तवा न्हाई थांबली," ती म्हणाली. "सायबाचा गुडगा बरा उपेगी पडला."