मडगाडचा खरा रंग

आमची मोटार बैलांच्या कोठ्यात उभी असे, आणि त्यात गावात कुणालाच काही वावगं वाटत नसे. आजोबांनी ती एका मालगुजाराकडून घेतली, काही वर्षं मिरवली, मग पेट्रोलपेक्षा बैलांना घालायची तणस परवडते हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मोटारीपुढंच बैल जुंपून बाजाराला जाऊ लागले. गंज चढू नये म्हणून त्यांनी बैलगाडीला फासतात तसं डांबर तिलाही फासलं. ती बनवणारा इंग्लंडमधला कारखाना माझ्या जन्माआधीच बंद पडला होता. बहुधा त्याला हे सगळं कळलं असावं.

मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. २००२ च्या सुमारास मला या गाडीनं झपाटलं. गोंदियाच्या सायबर कॅफेत तासन् तास बसून मी त्या मेलेल्या कारखान्याच्या चाहत्यांची एक संघटना शोधून काढली. तिचे सभासद बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांचे चिटणीस एक म्हातारे गृहस्थ. जगात उरलेल्या अशा गाड्यांची ते नोंदवही ठेवत. त्या वहीत आमच्या गाडीचं नाव लागावं, एवढंच मला हवं होतं. खरं सांगायचं तर या निमित्तानं माझंही लागावं, असं वाटत होतं.

त्यांचं चार पानी पत्र आलं. त्यात वीसेक प्रश्न होते. पहिला इंजिनच्या नंबरचा. तो वाचल्याबरोबर मी कंदील घेऊन कोठ्यात धावलो आणि पत्र तसंच टेबलावर राहिलं.

तेवढ्यात पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. आमचे सालदार काकाजी, म्हणजे आजोबांच्या वेळेपासून घरात राबणारा माणूस, बैलांचं झालं की मोटारीकडं वळत. तीही जुवाखाली चाललेली, मग तिचेही खांदे दुखणारच. पुढचे दोन मडगाड म्हणजे तिचे खांदे. तेवढ्या जागेला त्यांनी आजोबांना डांबरही लावू दिलं नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षांची हळद आणि तूप तिथं थरावर थर बसलं होतं.

त्या वर्षी मी आडवा आलो. "काकाजी, हात नका लावू. हा बैल नाही जी, ही दुर्मिळ वस्तू आहे."

"मंग कोठ्यात कायले ठेवली?" एवढंच म्हणून त्यांनी वाटी बैलाच्या गव्हाणीत ठेवली आणि निघून गेले. मला राग आला, तोही आपलं बरोबर असल्यासारखा.

दिवाळीच्या सुट्टीत मी रॉकेल आणि पॉलिशपेपर घेऊन बसलो. फोटो झकास यायला हवा होता. चार दिवस घासून मी दोन्ही मडगाड पत्र्यापर्यंत लख्ख केले. हळद, तूप आणि खाली जे काही होतं ते रॉकेलात एकच काळपट लगदा होऊन निघालं. गंमत म्हणजे बाकी गाडीला डांबराखाली भोकं पडली होती आणि इथं गंजाचा ठिपकाही नव्हता. या चमत्काराचं मी मनातल्या मनात कारखान्याला श्रेय दिलं.

मग उत्तर लिहायला पत्र उघडलं. चौदावा प्रश्न असा होता: मूळ रंगाचा एखादा तुकडा शिल्लक आहे का? कारखान्याची कागदपत्रं जळाली असल्यानं या मॉडेलचा रंग कुणालाच ठाऊक नाही. असल्यास कृपया त्याला अजिबात हात लावू नये.

मी बारा वर्षं मुलांना सांगत आलो होतो की आधी पूर्ण प्रश्नपत्रिका वाचा.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "काराच असन." त्यांच्या मते जगातल्या सगळ्या मोटारी काळ्याच. उरले काकाजी. गाडी आली त्याच साली ते आमच्याकडं कामाला लागले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"पुसून टाकलं न तुनं बाबू. आता कायले इचारून रायला?"

मी मान खाली घातली. मग तेच म्हणाले, "भारी धान पोटरीत येते न, तवाच्या पानावानी. उनारी धान नाही, थो फिका."

उशिरा पिकणारं ते भारी धान पोटरीत यायला, म्हणजे त्याच्या पोटात लोंबी धरायला, पुढचा भादवा लागणार होता. दहा महिने मी एका पिकाची वाट पाहिली, आणि ते पीक आमचं असूनही मी आधी त्याच्याकडं कधी धड पाहिलं नव्हतं. पान तोडून गोंदियाला नेलं. पेंटर म्हणाला, "मास्टरजी, ये तो रास्ते में ही मुरझा गया." मग त्यालाच डबे घेऊन बांधावर आणला. तो पत्र्याच्या तुकड्यावर रंग कालवायचा, काकाजी तो तुकडा धानात धरून बघायचे आणि म्हणायचे, "उन्नीस आहे," म्हणजे विसाला एक कमी. दुपार कलताना एका तुकड्याला त्यांनी धानातूनच मान डोलावली. पेंटरनं तोच रंग पक्का केला.

मडगाड त्या रंगात रंगवून मी फोटो काढले आणि रंग कुणी सांगितला तेही लिहून उत्तर पाठवलं. इंग्लंडहून कार्ड आलं. नोंद झाली होती. रंगाच्या रकान्यात पुरावा म्हणून काकाजींचं नाव होतं. माझं नाव पत्त्याच्या ओळीत, पत्रव्यवहारापुरतं. मी कोठ्यात जाऊन त्यांना त्यांचं नाव इंग्रजीत वाचून दाखवलं, मग त्या नोंदीचा मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, परत दिलं आणि हिरव्यागार मडगाडपासून हातभर लांब उभे राहून विचारलं, "मंग आता हात लावू का, बाबू?"

मला लाज वाटली. मी घरात जाऊन हळद आणि तुपाची वाटी आणली आणि त्यांच्या हातात दिली.