किरटा ठिपका

आता बुरशी म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार. मुरडा. फक्त बुरशीकाकांसमोर मुरडू नका, एवढंच. प्रयोगशाळेत ते आले काचेची भांडी घासायला, आणि बाईंच्या बुरशीत त्यांचा जीव अडकला तो कायमचाच.

बाई म्हणजे तिथल्या संशोधक. कुजक्या लाकडावरून त्यांनी उचललेली ही बुरशी गर्द लाल रंग सोडायची. कापड गिरणीत नदी नासवणारे रंग वापरतात, त्यांच्याऐवजी हा चालेल, असं बाईंचं म्हणणं. पण गिरणीवाल्यांना दाखवायची वेळ आली आणि बाईंना दुखण्याने गाठलं. उपचाराला जाताना म्हणाल्या, "काका, हे लेकरू तुमच्या पदरात घालते."

काम साधं होतं. बुरशीने बशीतलं खाणं संपवलं, की उगवलेल्या ठिपक्यांतला एक निवडून ताज्या बशीत ठेवायचा. मधे शीतपेटी बंद पडली, तिच्यात जपलेलं मूळ बियाणं मेलं आणि काकांच्या बशा तेवढ्या उरल्या. मग तर काकांनी रजा म्हणून घेतली नाही. बायको म्हणायची, पोटच्या पोरांची कधी एवढी काळजी केली नाहीत. खोटं नव्हतं ते.

बाई परतल्या त्या काठी टेकत. हाती फार दिवस नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोळ्यादेखत कापडाचा एक तागा लाल झालेला बघायचा, एवढीच इच्छा. काकांनी कौतुकाने बशा मांडल्या. कापूस भरल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. रंग मोठ्या भांड्यातल्या पाण्यात उतरेल, असं काका समजून होते. भांडं लावलं, वाट बघितली. पाणी साबणाच्या पाण्यासारखं राहिलं.

"काका, ठिपका निवडताना काय बघायचात?"

"चांगला गुबगुबीत, पांढरा बघायचो. लालसर, किरटे असायचे ते टाकून द्यायचो. रोगट वाटायचे हो."

बाईंनी क्षणभर डोळे मिटून घेतले. रंग करायला बुरशीला अंगातलं खर्चावं लागतं, म्हणून रंगवाली किरटीच राहते; जिने रंग करणंच सोडलं ती बाळसं धरते. हे सांगायचं बाईंकडूनच राहून गेलं होतं. काकांनी जीव लावून दर वेळी नेमकी तीच काढून टाकली होती.

रागाने चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "वाढवलंत मात्र छान." काका भांडी घासायच्या खोलीत गेले आणि नळ मोठा सोडून ढसाढसा रडले.

गिरणीची माणसं आली तशी गेली. बाईही गेल्या, लाल तागा न बघताच. नवे साहेब म्हणाले, टाका त्या बशा. काकांनी टाकल्या नाहीत. खाणं संपलं की अजून ते ताजी बशी घेतात, चष्मा पुसतात आणि सगळ्यांत किरटा, रोगट ठिपका शोधून तोच पुढे नेतात. उगवते ती पांढरीच.