खुर्ची सोडा, असं मीच म्हणालो

हसा, पण चहाचा कप खाली ठेवून हसा. सोफ्याचं कव्हर नवीन आहे. जुन्याचं वाटोळं आमच्या मेव्हण्याने हाच किस्सा ऐकताना केलं.

तर मी सीए. हे तुम्हाला माहीत आहे, कारण मी ते दर दहा मिनिटांनी सांगतो असं आमच्या घरात म्हणतात. पण नुसता सीए नाही हां. आमच्या धंद्यातली बहुतेक माणसं एकदा टेबलाशी बसली की तिथेच म्हातारी होतात. माझ्याबरोबर पास झालेला एक मित्र ज्या खुर्चीत पहिल्या दिवशी बसला, त्याच खुर्चीत आज बीपीची गोळी घेतो. मला कीव येते अशा माणसांची. मी विलेपार्ल्याला ऑडिट केलं, मालाडला टॅक्स, कांजूरमार्गला एका कारखान्यात कॉस्टिंग, आणि आता अंधेरीला एका कंपनीचं फायनान्स बघतो. याला म्हणतात करिअर.

आता घरात एवढी विद्वत्ता असताना पोरीने काय म्हणावं? सईची दहावी झाली होती. अकरावीला कुठे जायचं ते ठरवायचं होतं. मला वाटत होतं, कॉमर्स घेईल, दुसरं काय घेणार? बापाची गादी चालवेल.

"बाबा, तुझं काम खूप बोअर आहे," ती म्हणाली. "ऑफिस बदललं तरी महिनाअखेरीला तू तसाच उशिरा येतोस आणि तसाच ओरडतोस. मला आर्ट्सला जायचंय."

आर्ट्स! माझ्या तोंडचा घास तोंडातच राहिला. मी काय काय केलंय, किती रंगीत आयुष्य आहे हे, पोरीला पत्ताच नाही. खरं सांगतो, मला राग कमी आला आणि वाईट जास्त वाटलं.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचं निमंत्रण आलं. दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव, रविवारी, मुलुंडला शाळेच्या हॉलमध्ये, सोबत करिअर मार्गदर्शन. दरवर्षी हे असतंच. मुलांना नारळ आणि पेन देतात, आणि कोणीतरी दीडशहाणा उठून त्यांना आयुष्य समजावतो. गेल्या वर्षी बँकेतला एक जण आला होता. त्याने मुलांना 'बचत करा' सांगितलं आणि समोशावर तुटून पडला. म्हटलं, यंदा आपणच बोलायचं. समोर सईला बसवायचं. लोक टाळ्या वाजवतील, मग बघू म्हणते का बोअर.

"चालेल," सई म्हणाली. "तुझं भाषण ऐकते आणि मग फॉर्म भरते."

शनिवारी मी मंडळाचे सचिव तावडे यांना फोन लावला. "तावडे, रविवारी मी येतोय. अकाउंट्स आणि फायनान्सवर अर्धा तास बोलणार."

पलीकडे तावडे गहिवरले. "साहेब, तुम्ही स्वतः येताय? या, या. तुमच्यासारखा शिकलेला माणूस बोलला तर फार बरं होईल. यंदा वातावरण जरा गरम आहे."

मला वाटलं, ॲडमिशनचं टेन्शन असेल.

"फक्त स्पष्ट बोला," तावडे म्हणाले. "आमच्यात कोणाची हिंमत होत नाही."

"मी स्पष्टच बोलतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. हे मात्र खरं आहे, मी स्पष्टच बोलतो. ऐकत नाही, एवढाच काय तो दोष.

एक गोष्ट सांगायची राहिली. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी कायमचा म्यूट करून ठेवला होता. रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि त्यावर सुविचार. असल्या गोष्टी वाचायला मी काय रिकामटेकडा आहे?

रविवारी नवा शर्ट घालून गेलो. हॉलमध्ये बॅनर लावलेला होता, त्यावर ग्रामदेवता आणि मंडळाचं नाव. बाकी काही नाही. आमच्या मंडळाने हा एकच बॅनर करून घेतलाय. गुणगौरव असो, हळदीकुंकू असो, शोकसभा असो, बॅनर तोच.

समोर बघतो तर सगळे पन्नाशी-साठीचे. सई कुजबुजली, "बाबा, मुलं कुठेयत?"

"हल्लीची मुलं," मी तुच्छतेने म्हटलं. "आईवडिलांना पाठवतात."

स्टेजवर टेबलाशी तावडे आणि त्यांच्या शेजारी बाबीकाका परब. बाबीकाका म्हणजे मंडळाचे खजिनदार. आम्ही लहान होतो तेव्हाही तेच खजिनदार होते. मंडळाच्या कपाटाची चावी त्यांच्या जानव्याला असते, अशी दंतकथा आहे.

तावडेंनी माइक दिला. मी सुरू झालो.

"मित्रांनो, हिशेबाच्या कामात सगळ्यात मोठा शत्रू कोण? खुर्ची. जो माणूस वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसतो, तो गंजतो."

मागच्या रांगेतून टाळ्या. मी सईकडे बघितलं. ती चकित झाली होती.

"अशा माणसाला वाटतं, मी गेलो तर सगळं कोसळेल. काही कोसळत नाही!"

आता अर्धा हॉल टाळ्या वाजवू लागला. कोणीतरी ओरडलं, "बरोबर बोलले साहेब!" काय सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ऑफिसात माझं बोलणं संपायच्या आत लोक लॅपटॉप बंद करतात.

मग माझ्या डोळ्यांसमोर आमचा मालाडचा जुना साहेब आला. म्हटलं, "ज्यांना कॉम्प्युटर बघून घाम फुटतो, जे अजून पेन्सिलीने बेरजा मारतात, त्यांनी वेळीच बाजूला व्हावं. कोणी हात धरून उठवेपर्यंत थांबू नये."

बाबीकाका माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांच्या कानावर पेन्सिल होती. मला वाटलं, भारावलेत.

मागच्या रांगेतला एक जण उभा राहिला. "साहेब, पण मग त्या जागी बसणार कोण?"

काय सुंदर प्रश्न, मला वाटलं. "तरुण माणूस. शिकलेला. चार ठिकाणी काम केलेला."

"असा माणूस मिळतो कुठे? तयार कोण होणार?"

"का नाही होणार?" मी छाती पुढे काढून म्हटलं. "असं काम मिळायला भाग्य लागतं."

हॉल उठून उभा राहिला. आणि त्या टाळ्यांमध्ये बाबीकाकांनी हळूच खिशातून चावी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. जानव्याला नव्हती, एवढं निदान कळलं.

"घे," ते म्हणाले. "माका खुर्चीची हौस नाय हुती. कोण बसाक तयार नाय, म्हणान मी बसलंय. आता तू बस."

मला काही कळेना. तेवढ्यात सई स्टेजवर आली आणि तिच्याकडे ठेवायला दिलेला माझाच मोबाइल तिने माझ्या नाकासमोर धरला. ग्रुपवर शुक्रवारचा मेसेज होता: मुलांच्या मार्कशीट आल्या नसल्याने गुणगौरव पुढच्या रविवारी. या रविवारी त्याच हॉलमध्ये वार्षिक सभा. विषय: नवीन कार्यकारिणीची निवड.

वर गुलाबाचं फूल होतं.

मी माइक धरून ओरडलो, "अहो, गैरसमज झालाय, मी मुलांसाठी बोलत होतो!"

"कुठल्या मुलांसाठी?" समोरच्या बाई म्हणाल्या, आणि सगळे मागे वळून मुलं शोधू लागले.

"साहेब लाजतायत," तावडे म्हणाले. "सूचक कोण? अनुमोदक?"

इतके हात वर गेले की दारातला चहावालाही हात वर करून उभा होता. मी बिनविरोध निवडून आलो. माझ्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला. आलो होतो वक्ता म्हणून, उतरलो खजिनदार म्हणून. पगार शून्य.

घरी येताना रिक्षात मी मान खाली घालून बसलो होतो. मला बाबीकाकांचं तोंड दिसत होतं. सरळ माणूस, इतकी वर्षं राबला, आणि मी त्याला भर सभेत गंजलेला म्हणालो, तेही चुकून. लाज वाटत होती. सई मात्र हसून हसून रडत होती.

"मग?" मी विचारलं. "काय ठरलं तुझं?"

"आर्ट्स. सायकॉलॉजी घेणार. माणसं खुर्चीला का चिकटतात ते शिकायचंय मला. घरात मटेरियल आहे."

दुसऱ्या दिवशी मी बाबीकाकांच्या घरी पेढे घेऊन माफी मागायला गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावाला गेलेत, आंबे संपेपर्यंत येणार नाहीत. माणूस असा सुटला होता की मागे वळून बघायला तयार नव्हता.

मग मी कपाट आवरलं, सगळं कॉम्प्युटरवर घातलं, वर्गणी ऑनलाइन केली. रविवार गेले. बायको म्हणते, अंधेरीच्या कंपनीत प्रमोशन नाही मिळालं तुला, इथे बरं मिळालं. दरवर्षी मी सभेत विचारतो, "कोणी नवीन माणूस?" तेवढ्यापुरतं सगळ्या हॉलला छताचे पंखे बघायचे असतात.

यंदाच्या सभेत मात्र घाटकोपरचा एक पोरगा उभा राहिला. तरुण, शिकलेला, दोन-तीन नोकऱ्या केलेला. अगदी मी सांगितलेला माणूस.

"माफ करा," तो म्हणाला, "पण खजिनदार बदलायला हवेत असं मला वाटतं. मी करायला तयार आहे."

खरं म्हणजे मी त्याच्या पाया पडायला हवं होतं. पण झालं काय, माझ्या डोक्यात सणक गेली. कालचा पोरगा, याला काय कळतं? आणि मी ताडकन उभा राहून म्हणालो, "तुम्हाला कल्पना नाही. मी गेलो ना, तर हे सगळं कोसळेल."

मग मागच्या रांगेतून एकच टाळी ऐकू आली. बाबीकाका होते, उन्हाने रापलेले, मजेत.

"काय एक कोसळूचा नाय," ते म्हणाले. "तूच सांगलंस."

सगळा हॉल हसला. तो पोरगा चावी घ्यायला हात पुढे करून उभा होता, आणि मी खिशात चावी घट्ट धरून परत खुर्चीत बसलो होतो.