गच्चीवरच्या आठ खुर्च्या

सुलक्षणा गावडे बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेत तीनदा आपटली. तिन्ही वेळा आडवी आली ती गोल टेबलाभोवती बसलेली आठ माणसं. पी हा क्यूच्या डावीकडे तिसरा, आर आणि एस शेजारी नाहीत, तर डब्ल्यूच्या समोर कोण? गणित तिला यायचं, इंग्रजी निभायचं. पण ही आठ माणसं कागदावर बसली रे बसली की तिच्या डोक्यातून उठून जायची.

ती सत्तावीस वर्षांची. मुलुंड पूर्वेला चार मजली इमारतीत आईवडिलांसोबत राहायची आणि दिवसा औषधांच्या दुकानात बिलं करायची. क्लासच्या सरांनी सतरा युक्त्या शिकवल्या होत्या, त्यातली एकही तिला नीट आठवायची नाही. चौथ्या वेळी तिने सगळ्या सोडल्या आणि एकच धरली: रोज एक पझल, पण खरी माणसं खऱ्या खुर्च्यांवर बसवून.

गणपतीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या गच्चीवर आल्या. संध्याकाळी सहाला इमारतीतली सात माणसं छातीवर अक्षराची चिठ्ठी टाचून हजर; आठवी, म्हणजे टी, सुलक्षणा स्वतः.

"गे बाय, मी खंय बसू?" तिचे वडील धोंडू, म्हणजे पी, रोज विचारायचे. "माझो गुडघो दुखता, माका सारखो उठवू नको."

"बाबा, तुम्ही बसूनच राहा. बाकीचे तुमच्याभोवती फिरतील."

आर होते सेक्रेटरी नंदूकाका आणि एस होत्या त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या सिंथिया आंटी. आंटींच्या बाथरूमचं पाणी काकांच्या छतातून गळायचं, त्यामुळे दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. पहिल्या आठवड्यात निघालेल्या सगळ्याच पझल्समध्ये आर आणि एस शेजारी नव्हते. काका खूश. "परीक्षा घेणाऱ्यांना माणसांची पारख आहे," असं ते जिन्यात सगळ्यांना सांगत सुटले.

आठव्या दिवशी सुलक्षणाने वाचलं, "आर हा एसच्या लगेच उजवीकडे."

"शक्य नाही," काका म्हणाले. "अट बदल."

"काका, छापलेली आहे ती."

"मग सभा बोलवावी लागेल."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सभेची नोटीस लागली, ठराव असा: कोणत्याही सभासदास त्याच्या लेखी संमतीशिवाय पझलमध्ये शेजारी बसवता येणार नाही. खाली सोसायटीचा शिक्का. सभा झाली, दोन तास चालली. ठराव चार विरुद्ध तीन मतांनी पडला. धोंडूंनी मत दिलं नाही, कारण हात वर करायला उठावं लागतं अशी त्यांची समजूत होती.

काका हरले, पण नमले नाहीत. ते आंटींच्या उजवीकडे येऊन बसले आणि बसताना खुर्चीच उलटी फिरवली. तोंड बाहेर, टाकीकडे. दोन मिनिटांनी ते किंचाळले, "ही बाई आता माझ्या उजव्या हाताला कशी आली? मी तर तिच्या उजवीकडे बसलोय ना!"

सुलक्षणाने पेन्सिल खाली ठेवली. ती काकांच्या मागे जाऊन उभी राहिली, त्यांच्यासारखंच टाकीकडे तोंड केलं, मग वळून आत पाहिलं. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. तोंड बाहेर केलं की डावं-उजवं उलटतं, एवढंच! तीन परीक्षा आणि क्लासची पूर्ण फी गेली तरी जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते एका भांडणाने शिरलं.

"काका, तुम्ही ग्रेट आहात यार!"

"पाणी अजून गळतंय," काका टाकीला म्हणाले.

"गुरुवारी प्लंबर येतोय," आंटींनी वर्तुळाच्या मधोमध बघत सांगितलं.

परीक्षेचं केंद्र आलं कांदिवलीला. पडद्यावर आठ माणसं उगवली, चौघांची तोंडं आत, चौघांची बाहेर. सुलक्षणाने डोळे मिटून एकेकाला गच्चीवर बसवलं. काका कुरकुरले, बाबांना तिने हलवलंच नाही. चार मिनिटांत त्यावरच्या पाचही प्रश्नांची उत्तरं बसली.

प्रिलिम निघाली. मेन्सला मात्र मजल्यांची पझल्स होती, आठ मजल्यांवर आठ माणसं, आणि यांची इमारत चारच मजल्यांची. मग जिन्याचं प्रत्येक मधलं वळणही एक मजला धरायचं, असं काकांनीच ठरवून दिलं. महिनाभर कुरियरवाल्याला कोण कुठे राहतं ते कळेना. वळणावर उभ्या आंटी त्याला बजावायच्या, "मी सध्या सहाव्या मजल्यावर आहे."

एप्रिलमध्ये निकाल लागला आणि सुलक्षणाला घाटकोपरची शाखा मिळाली. धोंडूंनी पेढे वाटले, बसल्या जागेवरून. रुजू व्हायच्या आदल्या रविवारी ती खुर्च्या खाली न्यायला गच्चीवर गेली, तर सातही जण चिठ्ठ्या लावून बसलेले.

"अहो, झाली ना परीक्षा. आता कशाला?"

"तुझी झाली," नंदूकाका म्हणाले. "टीचं उत्तर अजून आलेलं नाही. बस खाली."

सुलक्षणा बसली.